सेक्रेड म्युझिकमध्ये मास्टर्स करायचंय, पैसे कुठून आणायचे?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही वसईच्या, पॅरिशमध्ये ऑर्गन वाजवता, क्वायर घेता, ट्रिनिटी कॉलेज लंडनचा एलटीसीएल हा संगीताचा डिप्लोमा झालाय, आता अमेरिकेत सेक्रेड म्युझिकमध्ये, म्हणजे चर्चच्या उपासनेच्या संगीतात, मास्टर्स करायचंय आणि घरी ४० लाखांच्या एज्युकेशन लोनचं चाललंय, तर घ्यावं का. माझं मत विचाराल तर या कोर्ससाठी एवढं लोन अजिबात घेऊ नका. मी हेच अमेरिकेत शिकलो, आता इथे एका चर्चमध्ये म्युझिकचं काम बघतो, हे काम मला जिवापाड आवडतं म्हणूनच सांगतो. १०.५ टक्के व्याजाने ४० लाख दहा वर्षांत फेडायचे म्हटले की महिन्याला ५४ हजारांच्या आसपास हप्ता बसतो, आणि आपल्याकडे ऑर्गनिस्टला काय मानधन मिळतं ते तुम्हाला मी काय सांगणार. कॉम्प्युटर शिकणाऱ्यांचं गणित इथे लावू नका, त्यांना डिग्रीनंतर ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या कामाच्या परवान्यावर, तीन वर्षं काम करता येतं, म्युझिकवाल्यांना एकच वर्ष मिळतं.

मग काय करायचं, तर जिथे फी कुणीतरी आधीच भरून ठेवलीये अशाच ठिकाणी अर्ज करायचा. हे ऐकायला विचित्र वाटेल पण या विषयात अशा जागा खरंच आहेत, कारण चर्च म्युझिकवर प्रेम करणाऱ्या लोकांनी मोठमोठ्या देणग्या देऊन ठेवल्यात. येलचं इन्स्टिट्यूट ऑफ सेक्रेड म्युझिक घ्या. न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत १९२८ ला असंच एक स्कूल सुरू झालं होतं, ते बंद पडायची वेळ आली तेव्हा इंडियानातल्या एका उद्योजक घराण्याच्या फाउंडेशनने पैसा दिला आणि १९७३ ला ते काम येलमध्ये नव्याने उभं राहिलं. तिथे ऑर्गन, क्वायर कंडक्टिंग, व्हॉइस असे विषय आहेत, आणि प्रवेश मिळाला की ट्यूशन फी पूर्ण सुटते. जागा मोजक्या, ऑडिशन कडक, हे खरंय. दुसरं नोत्र दाम, कॅथलिक युनिव्हर्सिटी, तिथला मास्टर ऑफ सेक्रेड म्युझिक दोन वर्षांचा, फी माफ आणि वर स्टायपेंड. तुमच्यासारख्या लिटर्जीत, म्हणजे चर्चच्या उपासनाविधीत, वाढलेल्या माणसाला तर ते फारच जवळचं वाटेल. याशिवाय मोठ्या युनिव्हर्सिट्यांच्या म्युझिक स्कूलमध्ये ऑर्गन किंवा कंडक्टिंगला असिस्टंटशिप मिळते, म्हणजे तुम्ही क्वायरला साथ करायची, ज्युनिअरना शिकवायचं, त्याबदल्यात फी सुटते आणि महिन्याला काही हातात पडतं. ऑफर लेटरमध्ये मात्र स्टायपेंड किती महिन्यांचा आहे ते बघा, बारा की नऊ, आणि हेल्थ इन्शुरन्स त्यात आहे का. नऊ महिन्यांचा असेल तर उन्हाळ्याचं भाडं कुठून देणार हे आत्ताच ठरवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे तुम्हाला बहुतेक कुणी सांगितलं नसेल. अमेरिकन मुलं तुम्हाला सांगतील की अगं रविवारी एखादं चर्च धर, ऑर्गन वाजव, खर्च निघतो. त्यांचा निघतो. तुम्ही एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असाल, तुम्हाला कॅम्पसवरच काम करता येतं, टर्म चालू असताना आठवड्याला २० तास. बाहेरच्या चर्चमध्ये पगारावर वाजवायचं तर सीपीटी, म्हणजे शिकत असताना कॅम्पसबाहेर काम करायची परवानगी, लागते, ते काम अभ्यासक्रमाचा भाग असावं लागतं, कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसने आधी आय-२० वर, म्हणजे व्हिसासाठी कॉलेज देतं त्या कागदावर, तशी नोंद करावी लागते, आणि साधारणपणे पहिलं वर्ष पूर्ण झाल्याशिवाय ही परवानगी मिळत नाही. लग्नात किंवा फ्युनरलला वाजवलं आणि लोकांनी प्रेमाने पाकीट दिलं तरी ते कामाचे पैसेच धरले जातात, त्यात व्हिसा घालवू नका. युनिव्हर्सिटीच्या स्वतःच्या चॅपलमध्ये ऑर्गन स्कॉलरची जागा असेल तर ती कॅम्पसवर येते, म्हणून अर्ज करतानाच विचारा की चॅपलचा ऑर्गन कोण वाजवतं.

एवढं करूनही तिकीट, व्हिसा फी, ३५० डॉलर सेविस फी (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची), पहिल्या महिन्याचं डिपॉझिट हे उरतंच. त्यासाठी मुंबईत जे. एन. टाटा एन्डाउमेंट आहे, १८९२ पासून परदेशी शिकायला जाणाऱ्यांना लोन स्कॉलरशिप देतंय, शिवाय के. सी. महिंद्रा आणि नरोत्तम सेखसरिया या ट्रस्टांची बिनव्याजी मदत आहे. छोट्या रकमेला हे बरं, बँकेपेक्षा कितीतरी बरं. फुलब्राइट-नेहरूच्या मास्टर्सच्या मागे लागू नका, त्यांच्या यादीत आर्ट्स मॅनेजमेंट आहे, वादन-गायन नाही.

जर्मनीचाही विचार करा असं मला मनापासून वाटतं. तिकडे किर्शनमुझिक, म्हणजे चर्च म्युझिक, म्हणून रीतसर डिग्री असते, सरकारी म्युझिक कॉलेजात बहुतेक राज्यांत ट्यूशन फी नाही, बाडेन-वुर्टेमबर्गमध्ये बाहेरच्यांना सेमिस्टरला १५०० युरो आहे. पण व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये दाखवावे लागतात आणि जर्मन चांगली यावी लागते, म्हणजे मॅक्सम्युलर भवनचा वर्षभराचा क्लास धरून चला. तिकडे विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करायची मुभा आहे, त्यामुळे चर्चने रीतसर नोकरीवर ठेवलं तर रविवारची कमाई कायदेशीर होते. डाड (DAAD) या जर्मन शिष्यवृत्ती संस्थेची म्युझिकसाठी वेगळी स्कॉलरशिपसुद्धा आहे.

एक अजून. अर्जात फक्त बाख आणि मेसियाँ लिहून थांबू नका हो. मराठी मिस्साची गाणी, पेटी-ढोलकीवर होणारी उपासना, नगरकडची ख्रिस्ती कीर्तनं, हे तिथल्या प्राध्यापकांना ऐकायचं असतं, फुल फंडिंग देताना ते बघतात की हा माणूस वर्गात काय घेऊन येतोय. तुमच्या क्वायरचं एक चांगलं रेकॉर्डिंग जोडा, मोबाइलचा नको, माइक भाड्याने आणा.

आणि स्टायपेंड मिळालाच तर टॅक्स विसरू नका, फीव्यतिरिक्त मिळणाऱ्या स्कॉलरशिपवर एफ-१ वाल्यांचा साधारण १४ टक्के कापतात, पण भारत-अमेरिका कराराच्या कलम २१ मुळे भारतीय विद्यार्थ्यांना स्टँडर्ड डिडक्शन मिळतं, त्यामुळे रिटर्न भरला की बराचसा परत येतो. माझा आला होता. डेडलाइन बहुतेक ठिकाणी डिसेंबर-जानेवारीत असतात, तेव्हा प्रीस्क्रीनचे, म्हणजे ऑडिशनआधीच्या चाळणीसाठी पाठवायचे, पीस आत्तापासून रेकॉर्ड करायला घ्या.