पत्रकार राजदूत होऊ शकतो का?

प्रश्न: मी अमळनेरला एका पेपरचा वार्ताहर आहे, दिवसभर कापसाचे भाव नि नगरपालिका. मित्र म्हणतात, पत्रकार काय राजदूत होतो का, त्याला यूपीएससी लागते. खरं का?

उत्तर: भाऊ, नेहमीचा रस्ता यूपीएससीचाच, पण सरकार बाहेरच्या माणसालाही थेट नेमू शकतं. पत्रकार कुलदीप नय्यर बघा ना. १९२३ ला सियालकोटमधे जन्म, फाळणीत इकडे आले, दिल्लीत एका उर्दू पेपरपासून सुरुवात. १९७५ च्या आणीबाणीत सेन्सॉरशिपविरुद्ध दिल्लीतल्या पत्रकारांना गोळा केलं म्हणून मिसाखाली (खटल्याविना डांबायचा कायदा) उचलून थेट तिहार जेल, मग बायकोनं हायकोर्टात हेबियस कॉर्पस (अटकेतल्या माणसाला कोर्टापुढे आणा, अशी याचिका) टाकली आणि कोर्टानं अटक चुकीची ठरवली (हे धाडस त्या काळात, हं!). १९९० मधे लंडनला हायकमिशनर (म्हणजे राजदूतच), १९९७ ला राज्यसभा. मानवी हक्कांचं काम सोबत चालूच, आणि १४ ऑगस्टच्या रात्री वाघा बॉर्डरवर भारत-पाक मैत्रीसाठी मेणबत्त्या लावायला जायचे, लोकांनी देशद्रोही म्हटलं तरी. मला तर लंडनच्या खुर्चीपेक्षा ते तिहारच जास्त मोठं वाटतं. आणि खुर्ची सरकारच्या मर्जीची असते, तिच्यासाठी अर्ज-बिर्ज नसतो, तेव्हा नगरपालिकेची बातमी सोडू नका.