कॉलेज न खेळलेला मुलगा डिफेन्स कोच होऊ शकतो का?

प्रश्न : आम्ही टेक्सासमध्ये डॅलसजवळ राहतो. मुलगा विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला आहे, विषय संख्याशास्त्र. हायस्कूलमध्ये अमेरिकन फुटबॉल खेळायचा, सेफ्टीच्या, म्हणजे डिफेन्समध्ये सगळ्यात मागे राहणाऱ्या खेळाडूच्या जागेवर. कॉलेजच्या संघात निवड झाली नाही, पण तिथल्या डिफेन्सच्या कोचना विद्यार्थी सहायक म्हणून मदत करतो. आता म्हणतो, मला हेच करायचंय. जो कॉलेज खेळला नाही त्याला कोच कोण करणार? आणि यावर घर चालेल का? मुलगा इथलाच नागरिक आहे. – एक आई

उत्तर : नमस्कार ताई. पहिल्या प्रश्नाचं उत्तर होकारार्थी आहे. माइक मॅकडोनाल्ड कॉलेज फुटबॉल खेळले नाहीत. जॉर्जिया विद्यापीठात शिकताना त्यांनी जवळच्या हायस्कूलमध्ये कोचिंग केलं, मग त्याच विद्यापीठात ग्रॅज्युएट असिस्टंट, म्हणजे मास्टर्स करता करता काम करणारे सहायक कोच झाले. २०१४ मध्ये एनएफएल या व्यावसायिक लीगमधल्या बाल्टिमोर रेव्हन्सकडे इंटर्न, २०२१ मध्ये मिशिगन विद्यापीठाचे डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे सगळ्या डिफेन्सचे प्रमुख कोच, आणि २०२४ मध्ये एनएफएलच्याच सिअॅटल सीहॉक्सचे हेड कोच. अशी माणसं थोडी आहेत, बहुतेक कोच कॉलेज खेळलेलेच असतात. म्हणून तुमच्या मुलाची ओळख दुसऱ्या कशावर तरी उभी राहायला हवी : त्याच्या कामात चूक सापडत नाही, यावर.

ते काम म्हणजे फिल्म, सामन्यांचं चित्रीकरण तपासणं. पुढच्या शनिवारच्या प्रतिस्पर्ध्याचे मागचे चार सामने घेतले तर साधारण २५० ते २८० प्ले, म्हणजे चेंडू सुटल्यापासून थांबेपर्यंतच्या चाली होतात. प्रत्येक प्लेची नोंद करायची : कितवा डाउन (दहा यार्ड पुढे जायच्या चार संधींपैकी कितवी), किती यार्ड हवेत, चेंडू कोणत्या हॅशवर (मैदानावरच्या लांबीच्या दिशेच्या दोन खुणांच्या ओळींपैकी कोणत्या), मैदानावर कोण खेळाडू, फॉर्मेशन (खेळाडूंची मांडणी), मोशन (चेंडू सुटण्याआधी खेळाडूने जागा बदलणं), रन की पास, किती यार्ड मिळाले. नवखी मुलं इथे ठरावीक चुका करतात. कधी फॉर्मेशन मोशनच्या आधीचं लिहितात, कधी नंतरचं, मग दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली जातात. टाइट एंड, म्हणजे अडवणं आणि पास झेलणं दोन्ही करणारा खेळाडू, एरवीची जागा सोडून बाजूला, स्लॉटमध्ये उभा राहिला की त्याला रिसीव्हर (पास झेलणारा) मोजतात आणि ‘१२ पर्सोनेल’चं, म्हणजे एक रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारा) आणि दोन टाइट एंडचं, ‘११’, म्हणजे एकच टाइट एंड, होतं. कोऑर्डिनेटर त्या अहवालावर विसंबून ब्लिट्झ, म्हणजे जादा खेळाडूंचा थेट हल्ला, बोलावतो आणि समोर भलतंच उभं राहतं.

हॅशकडे त्याने खास लक्ष द्यावं. मैदानाची रुंदी १६० फूट. कॉलेजमध्ये दोन हॅशमधलं अंतर ४० फूट, एनएफएलमध्ये फक्त साडेअठरा. म्हणजे कॉलेजमध्ये चेंडू हॅशवर असला की एका बाजूला ६० फूट उरतात, दुसरीकडे १००. कोणता कॉर्नर (कडेच्या रिसीव्हरला रोखणारा खेळाडू) रुंद बाजूला ठेवायचा, सेफ्टीची मदत कुठे पाठवायची, हे सगळं यावरून ठरतं. सरावात प्रतिस्पर्ध्याची नक्कल करणाऱ्या स्काउट टीमसाठी प्रतिस्पर्ध्याच्या प्लेची कार्डं काढताना हॅश चुकला, तर मंगळवार-बुधवारचा सराव चुकीच्या मैदानावर झाल्यासारखाच.

संख्याशास्त्र वाया जाईल ही काळजी सोडा, ते इथेच कामी येतं. तिसरा डाउन, सात ते दहा यार्ड, अशा परिस्थितीतले सहाच प्ले हाती असतात. त्यात पाच पास दिसले की अहवालात ‘८३ टक्के पास’ असं छापलं जातं. शेजारी ‘सहापैकी पाच’ लिहिणारा आणि एवढ्यावर बेत आखू नका असं सांगू शकणारा मुलगा कोचच्या लक्षात राहतो.

पुढची वाट अशी. पदवी, मग दोन वर्षं ग्रॅज्युएट असिस्टंट, ज्याला सगळे जीए म्हणतात : मास्टर्सची फी बहुधा माफ, वर थोडं विद्यावेतन. मग एका गटाचा कोच, म्हणजे डिफेन्सिव्ह लाइन (सगळ्यात पुढची फळी), लाइनबॅकर (तिच्या मागचे), कॉर्नर किंवा सेफ्टी. आणि त्यानंतर कोऑर्डिनेटर. मधे बऱ्याचदा क्वालिटी कंट्रोल किंवा अॅनालिस्टची, म्हणजे फिल्म आणि अहवाल सांभाळायची नोकरी लागते. २०२४ पासून डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेज खेळाच्या सगळ्यात वरच्या श्रेणीत, मैदानावर शिकवणाऱ्या कोचच्या संख्येवरची मर्यादा उठली, त्यामुळे अॅनालिस्टलाही प्रत्यक्ष शिकवता येतं. न खेळलेल्या मुलासाठी ही मोठी गोष्ट आहे. कारण हा धंदा शेवटी शिकवण्याचाच. १९ वर्षांच्या कॉर्नरला पाय कसा टाकायचा हे दहा सेकंदांत समजावता आलं पाहिजे, आणि ते नुसती फिल्म बघून येत नाही. उन्हाळ्यात त्याने हायस्कूलच्या कॅम्पमध्ये मुलांना शिकवावं. मला तर हे मास्टर्सइतकंच गरजेचं वाटतं.

वाट सरळ वर जात नाही, हेही सांगते. जॉर्जिया विद्यापीठाचे हेड कोच कर्बी स्मार्ट २००१ मध्ये व्हॅल्डोस्टा स्टेट या डिव्हिजन टूच्या, म्हणजे खालच्या श्रेणीतल्या कॉलेज संघाचे डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर होते. पुढच्याच वर्षी ते फ्लोरिडा स्टेटमध्ये जीए म्हणून गेले. पद खाली गेलं, पण मोठ्या संघात शिरले. २००४ मध्ये लुइझियाना स्टेट विद्यापीठात डिफेन्सिव्ह बॅक्सचे, म्हणजे कॉर्नर आणि सेफ्टींचे कोच, २००८ मध्ये अलाबामाचे कोऑर्डिनेटर, २०१६ पासून जॉर्जियाचे हेड कोच. छोट्या कॉलेजात मोठं पद की मोठ्या कॉलेजात छोटं, हा प्रश्न तुमच्या घरातही येईल.

आता पैसा. मोठ्या विद्यापीठांतल्या काही कोऑर्डिनेटरना वर्षाला दहा लाख डॉलरहून अधिक मिळतात, पण त्या मोजक्या खुर्च्या. जीएला जेमतेम खोलीभाडं सुटतं आणि हंगामात रविवारीही सुट्टी नसते, कारण शनिवारच्या सामन्याची फिल्म तेव्हाच तपासायची असते. हेड कोच गेला की बहुधा त्याचे सहायकही जातात, त्यांचं काम कितीही चांगलं असो. तिशीपर्यंत चार-पाच गावं बदलावी लागतील असं धरून चला. म्हणून टेक्सासचं शिक्षक प्रमाणपत्र मिळवण्याची तयारी त्याने ठेवावी, गणितासाठी. तिथल्या सरकारी हायस्कूलमधले कोच बहुतेक वर्गातही शिकवतात, आणि गणिताचा शिक्षक शाळांना हवाच असतो.

जीएची ऑफर आली की सही करण्याआधी चार गोष्टी लेखी विचारायला सांगा : फी पूर्ण माफ आहे की फक्त राज्यातल्या विद्यार्थ्याइतकी, आरोग्य विमा कोण भरणार, उन्हाळ्याचे महिने धरून विद्यावेतन किती महिन्यांचं, आणि हेड कोच बदलला तर अर्धवट राहिलेल्या मास्टर्सची फी पुढे माफ राहणार का. चौथा प्रश्न मुलं विचारत नाहीत आणि नेमकी तिथेच अडकतात.