'वडिलोपार्जित' की 'वारसांची सामाईक'?

अमेरिकेतील कृष्णवर्णीय शेतकऱ्यांच्या जमीनहक्कावरील मजकुराचा अनुवाद करणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की, तेथील कायद्यातील 'एअर्स प्रॉपर्टी' (मृत्युपत्र न करता वारलेल्या मालकाची, वारसांमध्ये न वाटता राहिलेली आणि त्यामुळे सहज हातची जाणारी जमीन) या संज्ञेसाठी 'वडिलोपार्जित मालमत्ता' हा शब्दप्रयोग चालेल का. माझ्या मते तो चालणार नाही. त्याने जमीन कोणाकडून आली एवढेच कळते. ती हातची का जाते, हे कळत नाही. शिवाय हिंदू कायद्यातील 'वडिलोपार्जित' या शब्दाला जन्मतः मिळणाऱ्या हक्काचा अर्थ चिकटलेला आहे, आणि तसा हक्क अमेरिकी कायद्यात नाही.

यादवी युद्धानंतर गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कुटुंबांनी दक्षिणेकडील राज्यांत मोठ्या कष्टाने जमिनी मिळवल्या. परंतु वकील परवडत नव्हते आणि गोऱ्यांच्या न्यायालयांवर विश्वास नव्हता, त्यामुळे अनेक मालक मृत्युपत्र न करताच वारले. कागदोपत्री जमीन पणजोबांच्या नावावर राहिली आणि तिचे हिस्से पिढीगणिक वाढत गेले. अशा जमिनीत प्रत्येकाचा हिस्सा ठरलेला असतो, पण बांध घालून दाखवता येईल असा तुकडा कोणाचाच नसतो. दूरच्या शहरात राहणाऱ्या एखाद्या नातेवाइकाचा लहानसा हिस्सा बाहेरच्या माणसाने विकत घेतला, तरी तो वाटपाचा दावा लावू शकतो. आणि प्रत्यक्ष वाटप शक्य नाही असे न्यायालयाला वाटले, तर संपूर्ण जमिनीचा लिलाव होतो, तोही बहुधा बाजारभावापेक्षा पुष्कळ कमी किमतीत. साउथ कॅरोलायनातील हिल्टन हेड बेटावर 1956 मध्ये पूल झाल्यानंतर पर्यटनामुळे जमिनीचे भाव चढले, तेव्हा तेथील गल्ला-गीची (त्या किनारपट्टीवरील, गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांचे वंशज) कुटुंबांच्या अशा जमिनींवर हेच संकट आले. 1920 च्या गणनेत देशात सव्वानऊ लाखांच्या आसपास कृष्णवर्णीय शेतकरी होते. 2017 च्या कृषिगणनेत ती संख्या पन्नास हजारांच्याही आत आली. सरकारी कर्जांतील भेदभाव हे याचे मोठे कारण आहेच, पण जमिनीचा हा कायदेशीर कच्चेपणाही तितकाच गांभीर्याने घ्यायला हवा.

म्हणून मी 'वारसांची सामाईक जमीन' असे सुचवतो. सातबारा पाहिलेल्या वाचकाला 'सामाईक' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही, आणि 'वारसांची' म्हटल्याने भागीत खरेदी केलेली जमीन आपोआप वगळली जाते. 'एकत्र कुटुंबाची मिळकत' टाळावे. तेथे सगळ्यांच्या वतीने मिळकत सांभाळणारा कर्ता नसतो. जमीन प्रत्यक्ष तोडून देण्यासाठी आपल्या महसुली भाषेत 'सरस-निरस वाटप' हा फार नेमका शब्द आहे, कारण जमिनीचा कस पाहून हिस्से पाडणे त्यात गृहीत आहे. विकून पैसे वाटण्याला मात्र नुसते 'वाटप' म्हणू नये. 'वाटपासाठी विक्री' असे स्पष्ट लिहावे. 2010 मध्ये राज्यांसाठी तयार झालेल्या नमुना कायद्याचा सारा भर याच भेदावर आहे: विक्री मागणाऱ्याचा हिस्सा न्यायालयाने ठरवलेल्या किमतीला घेण्याची संधी तो आधी इतर सहहिस्सेदारांना देतो.

त्याच मजकुरातील 'फूड सॉव्हरिन्टी'साठी 'अन्नसुरक्षा' वापरू नये. अन्नसुरक्षा रेशनच्या धान्यानेही साधू शकते. येथे मात्र काय पेरायचे, कोणासाठी पिकवायचे आणि ते कोणत्या बाजारात न्यायचे हे पिकवणाऱ्या समाजाने ठरवण्याचा हक्क अभिप्रेत आहे. त्यासाठी 'अन्नसार्वभौमत्व' हा शब्द जड वाटला तरी तोच ठेवावा.