मान्सून ‘सामान्य’ असूनही माणमध्ये बाजरी का करपते? पेरणीसाठी कोणता अंदाज पाहायचा?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: हवामान खात्याने मान्सून सामान्य राहील म्हणून सांगितलं, देशाचा आकडा तसा निघालाही, पण साताऱ्याच्या माण तालुक्यात पेरणीनंतर पावसाने ओढ दिली आणि बाजरी करपली. मग या अंदाजाचा उपयोग काय, आणि पेरायचं कशाच्या भरवशावर? मी कृषी हवामान सल्ल्याच्या कामात आहे. हा प्रश्न दर पावसाळ्यात फोनवर येतो, बहुतेक वेळा यापेक्षा बऱ्याच तिखट भाषेत.

एप्रिलमध्ये टीव्हीवर झळकतो तो आकडा अख्ख्या देशाचा आणि जून ते सप्टेंबर अशा चार महिन्यांच्या बेरजेचा. १९७१ ते २०२० ची सरासरी ८७ सेंटिमीटर. तिच्या ९६ ते १०४ टक्के पडला की ‘सामान्य’. मेअखेरच्या सुधारित अंदाजात देशाचे चार भाग करतात, पण त्यातही आपण ‘मध्य भारता’त, ओडिशा, छत्तीसगड, गुजरातच्या पंगतीत. यातून माणला काय कळणार? २०२३ आठवून बघा. अंदाज ९६ टक्क्यांचा होता, पडला ९४. कागदावर अंदाज जवळपास बरोबर. पण त्याच वर्षीचा ऑगस्ट १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ठरला, देशभरात ३६ टक्के तूट. जुलै आणि सप्टेंबरमध्ये जादा पाऊस झाला म्हणून बेरीज सावरली. ऐन ऑगस्टमध्ये वाळलेल्या पिकाला त्या बेरजेचा काय उपयोग?

जिल्ह्याचा आकडा तर त्याहून फसवा. एक म्हणजे, जिल्ह्यासाठी ‘सामान्य’ची व्याख्याच वेगळी आहे: सरासरीच्या १९ टक्के खाली-वर असेल तरी सामान्यच. दुसरं म्हणजे तुमचा सातारा जिल्हा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि माणमधल्या दहिवडीला जेमतेम पाचशेच्या घरात. दोन्हींची मिळून काढलेली सरासरी कुठल्याच गावाची नसते.

खरी गोम मात्र पाऊस कुठून येतो यात आहे. अरबी समुद्रावरून येणारे जोरदार पश्चिमी वारे घाटावर आदळतात, वर चढतात, थंड होतात आणि तिथेच रिते होतात. किनाऱ्याला समांतर कमी दाबाचा पट्टा असला की कोयना-नवजाला धो धो कोसळतो. घाट उतरून पूर्वेला आलेली हवा खाली बसते आणि तापते, ढग विरतात. तुमच्याकडे तेव्हा नुसता सोसाट्याचा वारा आणि चार थेंब भुरभुर. म्हणून ‘कोयना भरली, आता आपल्याकडेही येणार’ हा हिशेब जुळत नाही. माण-खटावचा पाऊस मुख्यतः दोन वाटांनी येतो: बंगालच्या उपसागरातलं कमी दाबाचं क्षेत्र पश्चिमेकडे सरकत बऱ्यापैकी दक्षिणेकडून आलं तर, किंवा पश्चिमी वारे ढिले पडून दुपारनंतर गडगडाटी ढग तयार झाले तर. दुसरा प्रकार सप्टेंबरात जास्त. उत्तरा-हस्ताच्या पावसावर तुमच्याकडची रब्बी ज्वारी उभी राहते ती त्यामुळेच. या ढगांचा पसारा कधी कधी चार-पाच किलोमीटरचा. ओढ्याच्या अलीकडे चिखल, पलीकडे धूळ. खात्याचं नेहमीचं मॉडेल १२ किलोमीटरच्या चौकटी पाडून गणित करतं. मे २०२५ मध्ये आलेलं ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ ६ किलोमीटरवर आलं आहे, ही मोठी मजल आहे, पण एकटा ढग त्या जाळीतूनही निसटतो.

खात्याच्या बातमीपत्रातले शब्दही मोजून वापरलेले असतात, हे फार कमी लोकांना माहीत असतं. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातल्या २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस, ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५०. मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी पाऊस असं वाचलं तर तुमच्या शिवारात न पडण्याचीच शक्यता जास्त, असं समजून चाला. खातं तेच सांगत असतं.

आता पेरणीचं. दर गुरुवारी खातं पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज नकाशांसह देतं. त्यातले पहिले दोन आठवडे गंभीरपणे घ्या, पुढचे दोन फक्त कल म्हणून. तुमच्या पेरणीसाठी माझ्या मते हाच सगळ्यात कामाचा कागद आहे आणि याच्याकडेच सगळ्यात कमी लोक बघतात. मंगळवार-शुक्रवारचा कृषी सल्ला आणि पाच दिवसांचा जिल्हा अंदाज त्याच्या जोडीला ठेवा. मृगाचा एक जोरदार पाऊस झाला म्हणून पाभर काढू नका; ७५ ते १०० मिलिमीटर होऊ द्या आणि दुसऱ्या आठवड्यात खंड दिसत नाही ना ते बघा. मुरमाड रानात ओल टिकतच नाही, तिथे तर शंभरच धरा.

हे मिलिमीटर मात्र स्वतः मोजा. महसूल मंडळाचं पाऊस मोजणारं स्वयंचलित यंत्र तुमच्यापासून दहा किलोमीटरवर असू शकतं. एका यंत्राच्या नरसाळ्यात लिंबाचा पाला बसलेला मी पाहिला आहे, दोन गावं भिजली तरी ते शून्यच दाखवत होतं. साधा पर्जन्यमापक घ्या, नाहीतर सरळ कडांचा, सपाट बुडाचा डबा आणि पट्टीही चालेल. झाड-घरापासून लांब, जमिनीपासून फूटभर उंच बसवा. रोज सकाळी साडेआठला मोजा, आकडा वहीत लिहा, डबा ओता. खात्याचा पावसाचा दिवसही साडेआठ ते साडेआठच असतो, त्यामुळे तुलना करता येते.

मोबाइलवरच्या ॲपात ‘दुपारी ३ वाजता पाऊस’ दिसतो त्यावर फवारणीसुद्धा ठरवू नका. ‘दामिनी’ मात्र जरूर टाकून घ्या. ते विजांसाठी आहे, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं आहे, आणि सप्टेंबरात दुपारी रानात असताना पावसाच्या अंदाजापेक्षा त्याची गरज जास्त पडते.