विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवलेली डर्ट बाईक घेऊ नका

तुम्ही लिहिलंय की पहिलीच डर्ट बाईक (मातीत चालवायची बाईक) घेताय, जुनी २५० सीसी फोर-स्ट्रोक मोटोक्रॉस, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरची रेस बाईक, आणि विकणारा म्हणतोय "या तुम्ही, मी गरम करून ठेवतो, एका किकमध्ये चालू होते". हे वाचलं आणि माझी उजवी पोटरी दुखायला लागली.

माझ्याबाबतीत सेम टू सेम. मी गेलो तेव्हा बाईक धुवून पुसून उभी, इंजिनला हात लावला तर चांगलंच गरम. "आत्ताच एक राउंड मारून आणली" म्हणाला, मला वाटलं किती सज्जन माणूस. पहिल्या किकला चालू, मी पैसे दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी चाळीसेक किक मारल्या, शेवटी उतारावर ढकलून चालू केली, मग दिवसभर एकदम व्यवस्थित. असं महिनाभर चाललं आणि मी आपला प्लग बदलतोय, कार्ब्युरेटर साफ करतोय.

शेवटी मेकॅनिकने व्हॉल्व्हचं कव्हर उघडलं. इनटेक व्हॉल्व्ह (ज्यातून हवा-पेट्रोल आत येतं) आणि त्याला दाबणारा कॅम यांच्यात साधारण ०.१० ते ०.१५ मिमी गॅप हवी, तिथे गॅप मोजायची ०.०५ ची पातीसुद्धा शिरेना. व्हॉल्व्ह झिजून सीटमध्ये (ज्या कड्यावर व्हॉल्व्ह बसून बंद होतो) वर सरकले होते, त्यामुळे गार असताना नीट बंदच होत नव्हते, मग कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) कुठून येणार? इंजिन तापलं की हेडचं (इंजिनचा वरचा भाग, ज्यात व्हॉल्व्ह असतात) अ‍ॅल्युमिनियम जास्त फुगतं, थोडी गॅप मिळते आणि बाईक शहाण्यासारखी वागते. म्हणून तर गरम करून ठेवतात! (सगळेच लबाड नसतात, काहींना खरंच माहीत नसतं. माझ्यावाल्याने नंतर फोन उचलला नाही, त्यावरून काय ते समजा.) व्हॉल्व्ह, सीट, पिस्टन मिळून बाईकच्या जवळपास निम्म्या किमतीचं बिल झालं.

आणि हे घेतानाच कळलं असतं. एअर फिल्टर काढून त्यामागच्या, इंजिनकडे जाणाऱ्या रबरी नळीत बोट फिरवायचं, बस. मी नंतर फिरवलं तर बोटाला लाल माती, म्हणजे धूळ फिल्टर ओलांडून इंजिनात जात होती. रेस बाईकमध्ये बहुतेक टायटॅनियमचे व्हॉल्व्ह असतात, वर पातळ कडक कोटिंग, धुळीने ते एकदा गेलं की झीज भराभर होते.

चेन, टायर, फोर्कचं (पुढच्या शॉकचं) ऑइल लीक तुम्ही बघालच. मागचं चाक उचलून वरखाली हलवून बघा, खटखट आली तर लिंकेजचे (मागच्या सस्पेन्शनचे सांधे) बेअरिंग गेलेत. चॅसी नंबर कागदाशी स्वतः जुळवा, फोटोवर जाऊ नका.

मी मेकॅनिक नाही, आणि हे माझं मत आहे, पटलं नाही तर सोडून द्या, पण नवशिक्याने २५० रेस बाईक घेऊच नये. सीटच साधारण ९५० मिमी उंच, पाय टेकत नाहीत, आणि पिस्टन-व्हॉल्व्ह बदलायचा हिशोब किलोमीटरवर नाही, इंजिन चाललेल्या तासांवर. त्यात तास मोजायचं मीटर कितीजण लावतात? यामाहा टीटी-आर १२५ किंवा कावासाकी केएलएक्स १४० सारखी साधी, एअर-कूल्ड (हवेने थंड होणारी) बघा. मित्र हसतील, हसू देत. १२५ टू-स्ट्रोक पण हलकी म्हणून घेऊ नका, पॉवर एकदम वरच्या आरपीएमला अंगावर येते. उरलेल्या पैशात बूट घ्या, हेल्मेटनंतर पहिले बूटच.

आज त्याला फोन करून एवढंच सांगा, मी येईपर्यंत बाईकला किक मारू नका. काय म्हणतो ते इथे कळवा.