प्रागला एका दिवसासाठी जायचंय? शनिवार नको, रविवार धर

तू लिहिलंयस की ड्रेस्डेनला एमएस करतोयस, येत्या शनिवारी सकाळच्या गाडीने प्रागला जाऊन रात्री परतायचंय, आणि किल्ला, पूल, घड्याळ, ज्यू वस्ती नि दोन संग्रहालयं एवढं सगळं बसेल का. मी बरीच वर्षं प्रागमध्ये राहतेय, म्हणून स्पष्ट सांगते: ती दोन संग्रहालयं काढून टाक आणि वार बदल. शनिवारी सब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा पवित्र दिवस असतो, ज्यू संग्रहालयाच्या सगळ्या वास्तू (सिनेगॉग म्हणजे ज्यूंची प्रार्थनागृहं, जुनी दफनभूमी) बंद. योसेफॉवला, म्हणजे त्या ज्यू वस्तीत, जाऊन तुला नुसत्या भिंती बाहेरून बघाव्या लागतील.

रविवारी मात्र क्रम उलटा लावावा लागतो. बहुतेक जण आधी किल्ल्यावर जातात, पण त्या दिवशी सकाळी किल्ल्यातल्या सेंट व्हायटस कॅथेड्रलमध्ये प्रार्थना असते आणि पर्यटकांना दुपारी बारानंतरच आत सोडतात. म्हणून सकाळ योसेफॉवला दे.

तिथे पिंकास सिनेगॉग चुकवू नकोस. नाझींनी मारलेल्या बोहेमिया-मोराव्हियातल्या (म्हणजे आजच्या चेक देशातल्या) सुमारे ८०,००० ज्यूंची नावं आतल्या भिंतींवर हाताने लिहिली आहेत. आडनाव लाल अक्षरात, पुढे एकेकाचं नाव, जन्मतारीख आणि शेवटची माहीत असलेली तारीख. लांबून नुसता करडा पोत दिसतो. जवळ गेलास की एकाच आडनावाखाली आजोबापासून दोन वर्षांच्या पोरापर्यंत अख्खं घर सापडतं. ही नावं १९५० च्या दशकात लिहिली, पुढे ओलीने भिंती खराब झाल्या, इमारत बंद राहिली आणि १९९० च्या दशकात सगळी पुन्हा लिहून काढली. वरच्या मजल्यावर तेरेझिनच्या छळछावणीतल्या मुलांनी काढलेली चित्रं आहेत. इथे घाई करू नकोस, तासभर तरी हवाच. शेजारच्या जुन्या दफनभूमीत जागा संपली म्हणून मातीचे थर चढवत गेले, त्यामुळे सुमारे १२,००० दगड एकमेकांना खेटून उभे आहेत.

मग जुन्या शहराचा चौक. १४१० च्या घड्याळाचा खेळ तासाच्या ठोक्याला होतो, एखाद्या मिनिटात संपतो. वेळ जुळली तर बघ, थांबून राहू नकोस. त्यापेक्षा टाउन हॉलच्या पायथ्याशी फरसबंदीत बसवलेले २७ पांढरे क्रूस शोध. १६२१ मध्ये ऑस्ट्रियाच्या हाब्सबर्ग घराण्यातल्या राजाविरुद्ध उठलेल्या २७ जणांना इथेच मृत्युदंड दिला होता.

त्या उठावाची ठिणगी पडली ती खिडकी तुला दुपारी किल्ल्यात दिसेल, म्हणून हा क्रम मला आवडतो. चार्ल्स पूल ओलांडून (बांधकामाची सुरुवात १३५७, पुतळे बरेचसे प्रतिकृती), नेरुदोव्हा रस्त्याने वर चढ. घरांना क्रमांक नव्हते तेव्हाच्या ओळखीच्या खुणा दारांवर आहेत: तीन व्हायोलिनं, दोन सूर्य. चढ नको असेल तर २२ नंबरची ट्राम.

किल्ल्याची अंगणं फुकट, आत जायला तिकीट. विद्यार्थी ओळखपत्र ठेव, सवलत मिळते. आतली दालनं उन्हाळ्यात पाचला, हिवाळ्यात चारला बंद होतात, तेव्हा दोनपर्यंत तरी पोच. कॅथेड्रलची पायाभरणी १३४४ ची आणि काम पूर्ण झालं १९२९ मध्ये! डाव्या बाजूला आल्फोन्स मुखा या चेक चित्रकाराची खिडकी आहे. इतर खिडक्यांसारखे रंगीत तुकडे जोडलेले नाहीत, काचेवर रंगवलेली आहे; खाली पैसे देणाऱ्या ‘बांका स्लाव्हिए’चं नावही दिसेल. मग जुना राजवाडा. १६१८ मध्ये उठाव करणाऱ्यांनी राजाच्या तिघा माणसांना इथून खिडकीबाहेर फेकलं, तिघेही वाचले, पण युरोपात तीस वर्षांचं युद्ध पेटलं.

खाण्याचं म्हणशील तर शाकाहारी माणसाला ‘स्माझेनी सीर’, म्हणजे तळलेलं चीज, जवळपास कुठेही मिळतं. चलन कोरुना आहे, युरो नाही. कार्डाच्या यंत्राने ‘युरोत हिशेब करू का’ विचारलं तर नाही म्हण, दर वाईट लागतो. ट्रामचं कागदी तिकीट चढल्याबरोबर पिवळ्या यंत्रात छापून घे, नाहीतर दंड. आणि पासपोर्ट व जर्मनीचं रहिवासी कार्ड दोन्ही जवळ असू दे. परतीच्या गाडीत जर्मन पोलीस तपासू शकतात.