पुढचे अलॉय चाक खड्ड्यात दबले असेल, तर कमी खर्चात काय करता येईल?

जांबोटी-कणकुंबी रस्त्यावरील खड्ड्यात आपल्या १२५ सीसी गाडीच्या पुढच्या अलॉय चाकाची कड आत दबली आहे आणि ट्यूबलेस टायरमधील हवा रात्रभरात उतरते, असे आपण लिहिले आहे. शोरूमने नवे चाक घ्यायला सांगितले असून, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत वेल्डिंग करून किंवा प्रेसवर सरळ करून भागेल का, असा आपला प्रश्न आहे. चाक नुसते वाकले आहे की त्याला भेग पडली आहे, यावरच त्याचे उत्तर अवलंबून आहे, म्हणून ते कळेपर्यंत कोणालाही पैसे देऊ नयेत.

भेग शोधण्याचे काम घरीही होते. चाक सोडवून टायर आणि ब्रेकची डिस्क काढून बाजूला ठेवावी, कारण डिस्कला तेल लागले तर ब्रेक धरत नाही. दबलेला भाग आणि त्याला जोडणाऱ्या दांड्यांची मुळे घासून स्वच्छ करावीत, त्यांवर रॉकेल किंवा डिझेल लावून थोडा वेळ मुरू द्यावे, मग कोरड्या कापडाने नीट पुसून खडूची बारीक पूड पसरावी. भेग असेल तर तिच्यात मुरलेले तेल हळूहळू बाहेर येते आणि पांढऱ्या पुडीवर ओलसर रेघ उमटते. रेघ दिसली नाही, पण शंका राहिली, तर ओळखीच्या कारखान्यात लाल पेनिट्रंट (बारीक भेगेत शिरून ती दाखवणारा रंगीत द्रव) फवारून तपासणी करून घ्यावी. बेळगावात फाउंड्री आणि मशीनशॉपमध्ये काम करणारी माणसे घरोघरी आहेत, त्यामुळे ही सोय मिळणे फारसे अवघड नाही.

भेग दांडीला, हबला (चाकाच्या मधल्या भागाला) किंवा डिस्कच्या बोल्टांजवळ असेल, तर ते चाक भंगारात द्यावे. तेथे वेल्डिंग करू नये, असे मी पूर्ण जबाबदारीने सांगतो. ही चाके बहुतेक ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची ओतीव असतात आणि पुष्कळदा त्यांना उष्णोपचाराने बळकटी दिलेली असते. वेल्डिंगच्या आचेने ती बळकटी टाक्याच्या आजूबाजूला कमी होते, आणि पुढचा खड्डा नेमक्या त्याच जागी चाक तोडू शकतो. मागचे चाक बिघडले तर गाडी सावरण्याची थोडी तरी आशा असते. पुढचे चाक तुटल्यावर, विशेषतः चोर्ला घाटाच्या उतारावर, ती संधी मिळत नाही.

भेग नसून फक्त कड थोडी दबली असेल, तर ती सरळ होऊ शकते. मात्र काम अलॉय चाकांचे साचे आणि प्रेस असलेल्या माणसाकडेच द्यावे. ॲल्युमिनियम लोखंडासारखे लाल होऊन इशारा देत नाही, त्यामुळे गॅसकटरची उघडी ज्योत लावून हातोडा मारणाऱ्याला ते किती तापले आहे हे डोळ्यांनी कळत नाही. सरळ झाल्यावर भेगेची तपासणी पुन्हा करावी. मग चाक गाडीला बसवून फोर्कला तारेचा काटा बांधावा, चाक हळूहळू फिरवावे आणि आडवा व उभा आउट, म्हणजे फिरताना कड बाजूला आणि वर-खाली किती हलते ते, मोजावा. पुष्कळ सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दोन्हींची मर्यादा २ मिलिमीटर दिलेली असते. ट्यूब घातल्याने हवा टिकेल, पण वाकलेली कड तशीच राहील, म्हणून ट्यूबला दुरुस्ती समजू नये.

चाक बदलावेच लागले तर जुन्या बाजारातील चाक स्वस्त पडते, परंतु ते त्याच मॉडेलचे आणि त्याच ब्रेकचे असावे. बेअरिंगची बैठक सैल आहे का, डिस्कच्या बोल्टांचे आटे शाबूत आहेत का, आणि त्या चाकाला रंग देऊन जुना मार लपवला आहे का, हे पाहूनच घ्यावे. याच मॉडेलची स्पोकची आवृत्ती निघाली असेल, तर तिचे अख्खे चाक हाही विचार करण्याजोगा पर्याय आहे; मात्र ॲक्सलची जाडी, स्पेसर, ब्रेक आणि स्पीडोमीटरची जोडणी जुळली पाहिजे. साध्या स्पोक रिममध्ये निपलच्या (स्पोक रिमला आवळणाऱ्या नटाच्या) छिद्रांतून हवा जाते, म्हणून तेथे ट्यूब लागतेच. पुढे रिम वाकली तर फक्त रिम आणि काही स्पोक बदलून आउट काढता येतो, हा खराब रस्त्यावर राहणाऱ्यांसाठी खरा फायदा आहे.

विम्याची पॉलिसीही काढून पाहावी. ती फक्त थर्ड पार्टीची असेल तर काही मिळणार नाही. स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचे संरक्षण असेल, तर दुरुस्ती सुरू करण्याआधी कंपनीला कळवावे आणि मिळणारी रक्कम जाणाऱ्या नो क्लेम बोनसशी ताडून मगच दावा करावा.

इतक्या जोरात आपटलेल्या गाडीचे फोर्क पाइप, कोनसेट (हँडल ज्यावर फिरते ती बेअरिंगे) आणि चाकाची बेअरिंगे तपासल्याशिवाय नवे चाक बसवू नये. टायरच्या बाजूला फुगवटा आला असेल, तर आतले धागे तुटले आहेत असे समजून टायरही बदलावा. तोपर्यंत गाडी चालवत बेळगावला आणू नये. चाक सोडवून बसने आणावे, खानापूरहून येताना उद्यमबाग शहराच्या अलीकडेच लागते.